जुन्या लॉजखालचे गाळे: चावी देण्याआधी

तालुक्याच्या गावातलं, गुजरीजवळचं जुनं लॉज वारसांनी विकायला काढलं आणि खालच्या गाळेवाल्यांची झोप उडाली, अशी पत्रं विदर्भभरातून येत आहेत. त्यांतली काही इथे घेतो.

प्रश्न: मालक बदलला की आमची भाडेकरी संपते का?
नाही. भाडं देत राहा, पावती मागा. नव्या मालकाने नाकारलं तर बँकेतून पाठवा. कागद लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे भाडेकरार नव्हे, नुसती वापराची परवानगी) असेल तर मात्र आधी वकिलाला दाखवा.

प्रश्न: इमारत इंग्रजांच्या काळातली आहे. हेरिटेज म्हणून वाचेल ना?
नुसत्या वयाने नाही. अधिसूचित यादीत नाव लागतं. नगरपरिषदेत लेखी विचारा.

प्रश्न: 'शिकस्त इमारत' (मोडकळीला आलेली) म्हणून नोटीस आली. दलाल म्हणतो, इमारत पडली की भाडेकरू संपला. आताच स्टॅम्पपेपरवर सही द्या, नव्या कॉम्प्लेक्समध्ये गाळा मिळेल. काय करू?
सही करू नका. ही थाप ऐकून किती जणांनी वडिलांच्या हातचे गाळे सोडले! नगरपरिषदेने इमारत पाडली एवढ्यानेच भाडेकरार संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली शहा रतनसी खिमजी खटल्यात स्पष्ट केलं आहे, आणि तो खटला महाराष्ट्रातलाच होता. पण म्हणून जिवाशी खेळू नका. सागवानी तुळईला वाळवी लागली असेल, कवेलूंखालची भिंत फुगली असेल, तर पावसाळ्याची वाट न बघता माल हलवा. त्याआधी गाळा मोजून घ्या: लांबी, रुंदी, शटर कोणत्या रस्त्याला उघडतं, मागचा ओटा कोणाच्या वापरात आहे. फोटो काढा, वीजबिलं आणि शॉप ॲक्टचा कागद एकत्र ठेवा, मुख्याधिकाऱ्यांना अर्ज देऊन पोच घ्या. इमारत जमीनदोस्त झाल्यावर 'तुमचा गाळा एवढाच होता' असं कोणीही म्हणू शकतं. नोटीस खरी की घडवून आणलेली, हे स्वतंत्र अभियंत्याकडून तपासा. मालकाला नव्या बांधकामासाठी गाळा रिकामा हवा असेल, तर पैसा आणि नकाशे तयार असल्याचं त्याने न्यायालयाला पटवून द्यावं लागतं. गाळ्याचं आश्वासन खरं असेल तर क्षेत्रफळ, मजला आणि मुदत लिहून नोंदणीकृत करार करायला दलाल का कचरतो? करार आला तरी वकिलाने वाचल्याशिवाय सही नको.

प्रश्न: गिऱ्हाईक नाही. निकालापर्यंत शटर बंद ठेवलं तर?
नका ठेवू. भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 16 नुसार सबळ कारणाशिवाय सलग 6 महिने वापर नसणं हेच जागा खाली करून घ्यायला कारण ठरतं.

प्रश्न: आमच्याकडे लेखी काहीच नाही.
घाबरू नका. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 ने मालकावर टाकली आहे. मात्र हा कायदा सगळ्याच गावांना लागू नाही. तुमचं गाव परिशिष्टात आहे का, ते वकिलाकडून बघून घ्या.

प्रश्न: कोर्टाचं समन्स आलंय. कापूस विकला की वकील करू म्हणतो.
उद्याच जा. लेखी जबाबाला साधारण 30 दिवस असतात आणि ते समन्स मिळाल्यापासून मोजतात. जाताना समन्स, त्यासोबतची दाव्याची प्रत आणि भाड्याच्या पावत्या न्या.