संचालकांच्या खरेदीमागे कर्ज काढून जावे का?

एका वाचकांचे पत्र असे आहे: मी ज्या कंपनीच्या लेखा विभागात नोकरी करतो, तिच्या कार्यकारी संचालकांनी गेल्या महिन्यात कंपनीचे शेअर बाजारातून खरेदी केले. ही खरेदी त्यांच्या साधारण एका महिन्याच्या मानधनाएवढी आहे. अशा व्यवहारांची सूचना देणाऱ्या एका सेवेची मी वर्गणी भरतो; ती वर्षाला 25 टक्के परतावा शक्य असल्याचे सांगते. माझी 70 टक्के बचत याच शेअरमध्ये आहे. 12 टक्के व्याजाने वैयक्तिक कर्ज काढून आणखी शेअर घ्यावेत का?

कर्ज काढू नका. संचालकांच्या खरेदीला अर्थ नसतो असे नाही. लाकोनिशॉक आणि ली या अभ्यासकांनी अमेरिकेतील अशा व्यवहारांवर 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, अंतःस्थांच्या, म्हणजे कंपनीची आतली माहिती असणाऱ्या संचालक-अधिकाऱ्यांसारख्या व्यक्तींच्या, खरेदीत, विशेषतः लहान कंपन्यांच्या बाबतीत, काही संकेत आढळला. विक्रीत तो आढळला नाही. विक्री घरासाठी, करासाठी किंवा जोखीम विभागण्यासाठीही होते. मात्र खरेदीचा हा संकेत असंख्य व्यवहारांच्या सरासरीत दिसतो. एका संचालकाने एका महिन्याचे मानधन गुंतवले, यावरून एका शेअरचे भवितव्य ठरत नाही. शिवाय भारतात आणि अमेरिकेत ठरावीक मर्यादेवरचे असे व्यवहार दोन कामकाजाच्या दिवसांत कळवावे लागतात आणि ते कोणालाही विनामूल्य पाहता येतात. त्यासाठी वर्गणी घेऊन वर 25 टक्क्यांची आशा दाखवणे मला अत्यंत आक्षेपार्ह वाटते.

तुम्ही न विचारलेला प्रश्न याहून गंभीर आहे. पगार ज्या कंपनीतून येतो, तिच्यातच तुमची 70 टक्के बचत आहे. कंपनी अडचणीत आली तर नोकरी आणि बचत एकाच वेळी धोक्यात येतील. एन्रॉन या अमेरिकन ऊर्जा कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती योजनेतील सुमारे 60 टक्के पैसा एन्रॉनच्याच शेअरमध्ये होता. सप्टेंबर 2001 मध्ये अध्यक्ष केनेथ ले यांनी कर्मचाऱ्यांना हा शेअर स्वस्तात मिळत असल्याचे सांगितले आणि आपणही तो घेतल्याचे म्हटले. त्याच वर्षी त्यांनी कोट्यवधी डॉलरचे शेअर कंपनीलाच परत विकले होते आणि तेव्हाच्या नियमांमुळे ती विक्री लगेच जाहीर करावी लागत नव्हती. डिसेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तुमचे संचालक तसे आहेत असे मी मुळीच सुचवत नाही. परंतु वरिष्ठांची खरेदी पाहून स्वतःच्या कंपनीवरील विश्वास वाढवणाऱ्या कर्मचाऱ्याला त्या व्यवहाराची केवळ एक बाजू दिसत असते.

हिशेब पाहा. बचत 100 धरली, तर 70 या शेअरमध्ये आणि 30 इतरत्र आहेत. शेअर निम्म्यावर आला तर 65 उरतात. 30 कर्ज काढून आणखी शेअर घेतले, तर तशाच घसरणीत कर्ज वजा जाता 50 उरतात, आणि नोकरी असो वा नसो, कर्जाचा हप्ता चालूच राहतो. याउलट या शेअरचा वाटा 10 वर आणला असता तर 95 उरले असते. तुमच्या पत्रात आपत्कालीन निधीचा उल्लेखही नाही, हे मला अधिक चिंतेचे वाटते.

आणखी एक अडचण आहे. लेखा विभागात असल्यामुळे तुम्ही स्वतःच अंतःस्थ ठरू शकता. भारतातील शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या 2015 च्या नियमांनुसार नियुक्त व्यक्तींना, म्हणजे आतली माहिती मिळू शकते म्हणून कंपनीने यादीत घेतलेल्यांना, खरेदीनंतर सहा महिने उलटा व्यवहार, म्हणजे विक्री, सहसा करता येत नाही. तुम्ही अशी व्यक्ती असाल आणि आज कर्जाने शेअर घेतले, तर घसरण सुरू झाल्यावर जुने शेअरही विकता येणार नाहीत. शेअरच्या किमतीवर परिणाम करू शकणारी अप्रकाशित माहिती हाती असताना तर खरेदी आणि विक्री दोन्ही निषिद्ध आहेत.

म्हणून कर्जाचा विचार सोडा आणि सूचना सेवेची वर्गणी थांबवा. नंतर कंपनीच्या अनुपालन (कम्प्लायन्स) अधिकाऱ्यांना लेखी विचारा की तुम्ही नियुक्त व्यक्ती आहात का आणि ट्रेडिंग विंडो, म्हणजे अशा व्यक्तींना व्यवहाराची मुभा असलेला काळ, केव्हा उघडेल. तुमच्याकडे अप्रकाशित माहिती नसेल आणि परवानगी मिळाली, तर पुढील चार तिमाहींत टप्प्याटप्प्याने विक्री करून या शेअरचा वाटा 10 टक्क्यांच्या आसपास आणा. विक्रीच्या पहिल्या रकमेतून सहा महिन्यांच्या खर्चाएवढा निधी बाजूला काढा. उरलेले पैसे व्यापक निर्देशांक फंडात, म्हणजे निर्देशांकातील अनेक कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडात, गुंतवा.