जुनी हार्डडिस्क आधी बाहेर काढा

तुम्ही विचारलंय, 2013 चा घरचा डेस्कटॉप आठ वर्षांच्या मुलीला द्यायचाय, तर फॉरमॅट मारून कोणती सिस्टम (विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टम) टाकू? सिस्टमचं नंतर सांगते. आधी फॉरमॅट मारू नका.

माझे बाबा प्राथमिक शिक्षक. निवृत्तीनंतर 2008 साली त्यांनी कॉम्प्युटर घेतला तो एकाच कामासाठी, आजीच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून ठेवायला. आजी सांगायची, बाबा वहीत लिहून घ्यायचे आणि रात्री दोन बोटांनी टाइप करायचे. 2019 मध्ये बाबा गेले. पुढच्या जूनमध्ये शाळा ऑनलाइन झाली, माझ्या मुलीला कॉम्प्युटर हवा होता, म्हणून दादाने गडहिंग्लजहून तोच 'साफ करून' पाठवला. साफ करून म्हणजे सी ड्राइव्ह उडवून नवी विंडोज. डी ड्राइव्ह त्याने ठेवला, सगळं त्यातच असणार असं धरून. पण डेस्कटॉपवर दिसणाऱ्या फायली सी ड्राइव्हमध्ये असतात, आणि बाबांचं चालू काम कायम डेस्कटॉपवर. शेवटच्या दोन फायली तिथेच होत्या. माझ्या लक्षात येईपर्यंत महिनाभर क्लास झाले होते, जुन्या जागेवर नवं लिहिलं गेलं होतं. रिकव्हरीवाल्याने तुकडे काढून दिले. त्यात एकही ओवी सलग नाही.

डीवरच्या फायली उघडल्या तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला. बाबा युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टात टाइप करायचे. त्यात देवनागरी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे फॉन्ट गेला की मजकूर वाचता येत नाही. आणि फॉन्ट राहतात सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरात! कुठला फॉन्ट होता, घरात कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी बाबांनी छापून ठेवलेलं एक पान घेऊन मी लग्नपत्रिकांच्या प्रेसमध्ये गेले, तिथल्या डीटीपीवाल्याने अक्षरांच्या वळणावरून तो ओळखला. युनिकोडमध्ये बदलून घेतलं तर पहिल्या वेलांट्या आणि रफार भलत्याच अक्षरांवर. ओळ न् ओळ वाचून मी ते नीट केलं.

दादा आजही म्हणतो, "डेटा तर ठेवला होता की." मशीनमध्ये काय आहे हे ज्याला माहीत नाही त्याने फॉरमॅटला हात लावू नये, हे माझं म्हणणं. एक फोन करायचा होता फक्त.

तर तुम्ही 256 जीबीची साटा एसएसडी घ्या, म्हणजे जुन्या हार्डडिस्कच्याच वायरीला जोडता येणारी, पण कितीतरी वेगवान डिस्क. जुनी हार्डडिस्क काढा, तारीख लिहून कपाटात ठेवा, आणि सिस्टम नव्या एसएसडीवर टाका. पुसायचं काही उरतच नाही, आणि मशीनचा वेगही त्या एसएसडीनेच सर्वांत जास्त वाढतो. रॅम 4 जीबी असेल तर 8 करा. सिस्टम लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टम, आणि तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. विंडोज 11 साठी 2013 चा प्रोसेसर अधिकृत यादीत नाही, आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. मुलीचं खातं वेगळं करा, ॲडमिन पासवर्ड तुमच्याकडे. जीकॉम्प्री (मुलांचे शैक्षणिक खेळ) आणि टक्स पेंट (मुलांसाठी चित्रकला) टाका. इंटरनेटच्या सेटिंगमध्ये डीएनएसला (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) क्लाउडफ्लेअर कंपनीचा 1.1.1.3 दिला की बऱ्याचशा अश्लील साइट उघडत नाहीत. सगळ्याच अडतील असं नाही, म्हणून टेबल बाहेरच्या खोलीतच ठेवा.

मराठीसाठी इनस्क्रिप्ट हा देवनागरीचा प्रमाण कीबोर्ड लावा. रोमनमध्ये मराठी लिहायची सवय लावूच नका. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, आणि जे उमटतं ते युनिकोड, म्हणजे फॉन्ट बदलला तरी अक्षर तेच राहतं. माझी मुलगी त्यावरच शिकली.

शाळेचं एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल तर मात्र मिंटचा हट्ट धरू नका. तारीख सारखी मागे जाऊन साइट उघडेनाशा झाल्या तर आतली सीआर 2032 बॅटरी बदला. कपाटातली डिस्कही कधीतरी बंद पडते, तिची एक प्रत दुसरीकडे हवीच. आणि तो कॉम्प्युटर तुमच्या आईवडिलांनीही वापरला असेल, तर डिस्क काढायच्या आधी त्यांना शेजारी बसवून कुठल्या फायलीत काय आहे ते विचारून घ्या.