श्वास स्वतः मोज

अगं, वॉर्डातल्या कॉम्प्युटरला घाबरू नकोस. व्हायटल्स, म्हणजे नाडी, श्वास, बीपी वगैरे, भरलेस की पेशंटची तब्येत किती बिघडलीय ते सांगणारा न्यूज-२ स्कोअर तो आपोआप काढतो. बेरीज ५ झाली की डॉक्टरांना तातडीने कळवायचं, ७ झाली तर इमर्जन्सीच समज. पण त्याला दिसतं ते फक्त तू भरलेलं.

सगळ्यात जास्त घोळ श्वासात होतो. घाईत '१८' लिहून मोकळं व्हायची सवय लागते. मलाही लागली होती. आता मी नाडी बघतेय असं भासवत मनगट धरून ठेवते आणि पूर्ण मिनिटभर छातीकडे बघते. आपण मोजतोय हे कळलं की पेशंटचा श्वास बदलतो गं.

हिशेब बघ. नाडी ११२, तिचे २. वरचं बीपी १०८, त्याचा १. बाकी ठीक. श्वास १८ लिहिलास तर बेरीज ३. खरा २४ असेल तर ५! त्या दोन गुणांवर रात्री डॉक्टर धावत येणार की नाही, ते ठरतं.

आणि स्कोअर कमी असला तरी घरचे म्हणाले, "बाबा आज काहीतरीच बोलतायत," तर लगेच उठून जा. नव्याने आलेल्या गोंधळाचे एकट्याचेच ३ गुण आहेत, आणि एकाच रकान्यात ३ आले तरी कळवायचं असतं.