बांधालगतचं एकर आणि केळीचे 9 लाख

भाऊ, रावेर तालुक्यातून तुमचं पत्र आलं. केळीचे 9 लाख हातात आहेत. बांधालगतचं एक एकर शेजारी 14 लाखांना देतोय, उरलेले 5 लाख कर्ज काढायचं म्हणता. मुलीला पुढच्या जूनला फार्मसीला घालायचंय. "बांधाची जमीन एकदाच निघते," असं तुम्ही लिहिलंय. ते खरंय, म्हणूनच "जमीन घेऊ नका" असं सरळ लिहून मोकळं होता येत नाही.

तुम्ही पाच वर्षांचं निव्वळ उत्पन्न कळवलंत: 6, साडेचार, 1, 5 आणि यंदा 9 लाख. सगळा हिशोब तुम्ही यंदाच्या 9 वर मांडलाय. मी तो 1 लाखाच्या वर्षावर मांडला. त्या मे महिन्यात वाऱ्याने तासाभरात घडांसकट खोडं आडवी केली, हे तुमचंच वाक्य.

तसं वर्ष पुन्हा आलं तर घरखर्चात 2 लाख कमी पडतील, फी 1 लाख, आणि 5 लाखांच्या सात वर्षांच्या कर्जाचा 11 टक्क्यांनी वर्षाचा हप्ता सुमारे 1 लाख 6 हजार. म्हणजे 4 लाखांचा खड्डा, आणि गाठीला काही नाही. मुद्रांक-नोंदणीचा खर्च तर तुम्ही धरलेलाच नाही. मग सावकार, नाहीतर मुलीचं वर्ष. नवं एकरही केळीचंच. घर, हप्ता आणि फी, तिन्ही एकाच घडाला लटकलेली. विमा जरूर काढा, पण जास्त तापमानाची भरपाई हवामान केंद्राच्या आकड्यांवर ठरते, तुमच्या बागेतल्या नुकसानीवर नाही.

मुलीची फी थांबत नाही. जमीन मात्र अर्धी घेता येते, आणि पत्रात हे कुठेच नाही. शेजाऱ्याला 20 गुंठे विचारा. बागायतीला तुकडेबंदीची, म्हणजे त्याहून लहान तुकडा विकता येत नाही अशी, मर्यादा 10 गुंठ्यांची आहे, तलाठ्याकडे खात्री करून घ्या. किंमत 7 लाख. 4 लाख बँकेत मुदत ठेवीत बाजूला टाका, 5 लाख जमिनीला, आणि नोंदणीसकट अडीच लाख कर्ज. पाच वर्षांत फेडायचं तर वर्षाचा हप्ता सुमारे 68 हजार. वाईट वर्षात खड्डा 3 लाख 68 हजारांचा पडेल, पण बाजूचे 4 लाख तो भरून काढतील.

उरलेल्या अर्ध्यासाठी दोन वर्षांचं साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा लेखी करार, मागून बघा, इसार (आगाऊ रक्कम) थोडाच ठेवा. "घ्यायचं तर सगळं घ्या" म्हणाला तर सोडून द्या. मला माहीत आहे, रोज त्या बांधावरून जाताना जीव तुटेल. तरी सोडा.

वीस गुंठे मिळाले, तर मोजणीआधी विहीर कुठल्या बाजूला जाते ते बघा, आणि पाण्याचा हिस्सा खरेदीखतात लिहून घ्या.