आई-बाबांचा औषधांचा डबा आणि त्यातले इंग्रजी

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आई-बाबांना औषधांपुरते इंग्रजी कसे शिकवावे. दोघांचे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे आणि दिवसभर ते घरी एकटेच असणार आहेत.

शब्दांची यादी करण्याऐवजी आईचा औषधांचा डबा उघडून बसावे, असे मी सुचवेन. त्यात क्रोसिन, डोलो, ॲस्थालिन, थायरोनॉर्म अशी नावे सापडतील. ही सारी कंपन्यांनी ठेवलेली नावे असून अमेरिकेतील फार्मसिस्टला ती ठाऊक असतीलच असे नाही. त्याच पट्टीवर घटकाचेही नाव छापलेले असते आणि शिकायचे आहे ते हेच. मात्र आपल्याकडे मेडिकलवाला चार गोळ्या कापून देतो, तेव्हा नावाचा तुकडा नेमका त्याच्याकडेच राहतो. म्हणून निघण्यापूर्वी अखंड पट्ट्या घ्यायला सांगावे.

घटकाचे नाव पाठ केले तरी काही ठिकाणी फसगत होते. आपले पॅरासिटॅमॉल ब्रिटनमध्ये पॅरासिटॅमॉलच असते, पण अमेरिकेत त्याला ॲसिटामिनोफेन म्हणतात. एकाच लांबलचक रासायनिक नावातली अक्षरे दोन तऱ्हांनी उचलल्यामुळे ही दोन नावे झाली. तसेच दम्याच्या पंपातील साल्ब्युटामॉल तिकडे ॲल्ब्युटेरॉल होते. पॅरासिटॅमॉलच्या बाबतीत ही गफलत महागात पडू शकते, कारण अमेरिकेत सर्दी-तापाच्या अनेक तयार औषधांत ॲसिटामिनोफेन मिसळलेले असते. बाबांनी दिवसभरात डोलो ६५० च्या, म्हणजे प्रत्येकी ६५० मिलिग्रॅम पॅरासिटॅमॉलच्या, चार गोळ्या घेतल्या आणि सर्दीचे म्हणून आणलेल्या औषधाचे, प्रत्येकी ६५० मिलिग्रॅम ॲसिटामिनोफेन असलेले, चार डोसही घेतले, तर बेरीज ५२०० मिलिग्रॅम होते; निरोगी प्रौढासाठी चोवीस तासांतील कमाल मर्यादा ४००० मानली जाते आणि ती ओलांडली की भार यकृतावर येतो. खोक्यामागे ‘ड्रग फॅक्ट्स’ या चौकटीत सर्वांत वर ‘ॲक्टिव्ह इन्ग्रेडियंट’ असे लिहिलेले असते. तेवढी एक ओळ वाचण्याची सवय बाबांना लावलीत, तर बाकीची चौकट तुम्ही संध्याकाळी वाचून दाखवली तरी चालेल. ‘ड्रग’ या शब्दाने ते दचकतील, तेव्हा तिकडे औषधाच्या दुकानालाही ‘ड्रगस्टोअर’ म्हणतात, हे आधीच सांगून ठेवावे.

खरी अडचण तक्रार सांगताना येते, कारण आपण मराठीत सर्रास वापरतो ते इंग्रजी शब्द तिकडे त्या अर्थाने चालत नाहीत. ‘लूज मोशन्स’ म्हटले तर समोरचा गोंधळतो. तेथे ‘डायरिया’ म्हणावे. ‘शुगर आहे’ याऐवजी ‘डायबेटिस’, ‘बीपी आहे’ याऐवजी ‘हाय ब्लड प्रेशर’. ‘ॲसिडिटी’ला ‘हार्टबर्न’ म्हणतात. माझ्या सासूबाईंनी ‘हार्टबर्न’ लिहिलेली ॲसिडिटीच्या औषधाची बाटली दोन दिवस बाजूला ठेवली होती, कारण ‘मला हार्टचा काही त्रास नाही’ अशी त्यांची खात्री होती. मात्र छातीत दाब जाणवून घाम सुटला किंवा हाताकडे कळ गेली, तर हार्टबर्न समजून थांबू नये, तत्काळ ९११ ला फोन करावा, हे दोघांच्याही मनावर ठसवावे.

बाटलीवरच्या सूचनांत ‘ॲज नीडेड’ म्हणजे त्रास असेल तेव्हाच, आणि ‘ड्राउझीनेस’ म्हणजे गुंगी, एवढे कळले तरी बरेच निभावते. ‘टीस्पून’ ५ मिलिलिटरचा असतो आणि ‘टेबलस्पून’ १५ चा. मराठीत दोन्हींना आपण चमचाच म्हणत असल्यामुळे बाटलीसोबत आलेले माप वापरावे, पोह्यांचा चमचा नको.

डॉक्टरांकडे जाताना तुम्ही सोबत नसाल, तर एक वाक्य मात्र आई-बाबांकडून घोटून घ्यावे: ‘मराठी इंटरप्रिटर, प्लीज.’ सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांना दुभाषी विनामूल्य द्यावा लागतो, तो बहुधा फोनवरून मिळतो. ‘मराठी’ हा शब्द ठासून उच्चारायला सांगावे. नुसते ‘इंडियन’ म्हटले, की फोनवर हिंदी येते.