पत्रा चेपला म्हणून गाडी कच्ची ठरत नाही

विल्होळीजवळ आपल्या मेहुण्यांची गाडी दुभाजकावर आदळून बोनेटचा पार चुराडा झाला, आतल्या चौघांना मात्र मुका मार सोडल्यास काही झाले नाही. तरीही घरातली वडीलधारी मंडळी 'आताच्या गाड्या म्हणजे नुसता पत्रा' असे म्हणतात, ते खरे का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे, की ते चौघे वाचले ते त्या चुराड्यामुळेच.

अंबडच्या प्रेस शॉपमध्ये मी अनेक वर्षे पत्रा दाबण्याचेच काम केले आहे. पत्रा दुमडताना ऊर्जा खर्ची पडते आणि ती ऊर्जा त्या धडकेतूनच वसूल होते. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या 60 किलोच्या माणसात सुमारे 8,300 ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे चौदा मीटर उंचीवरून, साधारण चौथ्या मजल्यावरून पडण्याइतकी. ही ऊर्जा कुठेतरी जिरावीच लागते. प्रश्न एवढाच, की किती अंतरात. गाडीच्या पुढच्या भागासह ते शरीर 60 सेंटिमीटरांत थांबले, तर त्यावर सरासरी 1,400 किलोच्या वजनाएवढे बल येते. तेच पाच सेंटिमीटरांत थांबले, तर जवळजवळ 17 टन. जुन्या गाडीचा ताठ सांगाडा शाबूत राहायचा खरा, पण तो धक्का आतल्या माणसांना सोसावा लागायचा. म्हणूनच मर्सिडीजच्या बेला बारेनी या अभियंत्याने बसण्याची जागा कणखर आणि पुढचा-मागचा भाग चेपणारा, अशी रचना मांडली.

परंतु या 60 सेंटिमीटरांचा लाभ सीट बेल्ट लावणाऱ्यालाच मिळतो. बेल्ट नसेल तर गाडी थांबत आली तरी शरीर मूळ वेगानेच पुढे जाते आणि डॅशबोर्डवर काही सेंटिमीटरांत थांबते. एअरबॅग सेकंदाच्या साधारण तिसाव्या भागात फुगते आणि ती बेल्टच्या जोडीने काम करण्यासाठी असते. बेल्ट न लावता पुढे झुकलेल्या माणसाला ती फुगता फुगताच जबर इजा करू शकते.

आपण ओघात लिहिले आहे, की वहिनी मागच्या सीटवर बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. हे वाचून मी अस्वस्थ झालो. ताशी 50 किलोमीटरच्या वेगातून अर्ध्या मीटरात थांबताना दहा किलोचे मूल क्षणभर 200 किलोचे होते, आणि ते हातांनी धरून ठेवणे कोणत्याही आईला शक्य नाही. कृपया बाळासाठी स्वतंत्र चाइल्ड सीट घ्या आणि ती मागच्या सीटवरच बसवा.

आता गाडी दुरुस्तीला जाईल, तेव्हा एक गोष्ट स्वतः पाहा. पुढचे बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. खांबावरच्या कडीजवळ पट्टा घासून चकाकत असेल, कडा विस्कटल्या असतील, तर त्या पट्ट्याने ताण सोसलेला आहे. तो वरून धडधाकट दिसला, तरी गॅरेजवाल्यांना तो बदलायलाच सांगा.