शाळेने असेसमेंट सांगितलंय, म्हणजे नेमकं काय होणार?

शाळेच्या डायरीत बाईंनी एवढंच लिहिलं होतं: ‘मुलाचं सायकॉलॉजिकल असेसमेंट करून घ्यावं.’ म्हणजे मानसशास्त्रीय मूल्यमापन. पण का, कुठे, कशासाठी, काही नाही. भांडुपचं हे कुटुंब त्यासाठी माझ्याकडे आलं तेव्हा आईने ती डायरी पिशवीतून काढून टेबलावर ठेवली आणि विचारलं, “मॅडम, एकदा टेस्ट झाली की हे त्याच्या नावावर कायमचं लागतं का? उद्या दहावीला, कॉलेजला, लग्नाच्या वेळी?” वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “लहानपणी मीही अभ्यासात असाच होतो. मला कुणी टेस्टला नाही नेलं.”

आई-वडिलांच्या तोंडून हे दोन्ही मी नेहमी ऐकते. म्हणून या मुलाची हकिगत, ओळख पटू नये इतके तपशील बदलून, जरा सविस्तर सांगते.

मुलगा चौथीत, सेमी-इंग्रजीत. सगळ्या आरत्या तोंडपाठ. अफजलखानाचा प्रसंग सांगायला लागला की समोरचा माणूस ऐकत राहील. पण त्याच प्रसंगावर पेपरात प्रश्न आला की दोन ओळी, त्याही न लागणाऱ्या अक्षरात. क्लासवाल्या ताई म्हणत, लक्ष नाही. आजी म्हणत, मोठा झाला की येईल आपोआप. आई रोज संध्याकाळी त्याला घेऊन बसायची आणि रोज शेवट रडण्याने व्हायचा, कधी त्याच्या, कधी तिच्या.

मी आईला म्हटलं, शाळेची ओळ बाजूला ठेवा, तुम्हाला काय जाणून घ्यायचंय ते सांगा. ती लगेच म्हणाली, “त्याला येतं, मग लिहीत का नाही?” मूल्यमापनाची सुरुवात अशाच प्रश्नाने व्हावी. ‘मुलगा हुशार आहे की नाही’ असं विचारत आलात तर उत्तर म्हणून एक आकडा मिळेल आणि त्याचं काय करायचं ते कुणालाच कळणार नाही. आईच्या प्रश्नातून मात्र काय काय तपासायचं ते ठरत गेलं.

सगळ्यात आधी डोळे आणि कान. कुठलीही मानसशास्त्रीय चाचणी घेण्याआधी ही तपासणी व्हायलाच हवी. फळ्यावरचं दिसत नसेल किंवा एका कानाने कमी ऐकू येत असेल, तर पुढचे सगळे निष्कर्ष चुकीचे निघू शकतात. याचं दोन्ही ठीक होतं.

मग माझी आणि आई-वडिलांची लांबलचक बैठक. गरोदरपणात काही त्रास झाला का, जन्मानंतर लगेच रडला का, वजन किती होतं, कावीळ, झटके, पहिला शब्द कधी, चालायला कधी लागला. या प्रश्नांना पुष्कळ आया आतून आकसतात. ‘म्हणजे माझंच काहीतरी चुकलं’ असं त्यांना वाटतं. तसं अजिबात नसतं. मुलाच्या वाढीचा नकाशा आईइतका कुणाला ठाऊक नसतो, म्हणून विचारतो. वडिलांनी सुरुवातीला तक्रार म्हणून जे सांगितलं होतं, तेही आमच्या कामाचं होतं. अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणितात सतत येणारी अडचण, पुष्कळदा घराण्यात चालत येते, हे संशोधनातून स्पष्ट झालेलं आहे. मी त्यांना शाळेबद्दल विचारलं. त्यांनी सांगितलं की आजही बँकेचा फॉर्म भरायचा असला तर ते घरी आणतात, शांतपणे भरतात. बायकोला हे कारण माहीत नव्हतं.

मी पालकांना वह्या आणायला सांगते, कव्हर घातलेल्या तर आणाच, पण रफ वह्याही. या मुलाच्या वहीत फळ्यावरून उतरवलेलं पान नीटनेटकं होतं आणि श्रुतलेखनाच्या पानावर ‘रस्ता’चं ‘रसता’, ‘प्रकाश’चं ‘पकाश’, वेलांट्या गायब. सत्तावीस म्हटलं की बहात्तर लिहिलेलं. मराठीत सातचा उच्चार आधी आणि विसाचा नंतर, त्यामुळे पहिली-दुसरीत ही गडबड पुष्कळ मुलांची होते. तेवढ्यावरून काही ठरवू नये. चौथीत, बाकीच्या खुणांसोबत ती दिसली तर मात्र नोंद घ्यावी लागते.

चाचण्या आमच्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट घेतात. कुठेही जा, ती व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय, या तज्ज्ञांची नोंदणी ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणीकृत आहे का हे विचारा. विचारण्यात संकोच नको. याच वडिलांना ऑफिसातल्या कुणीतरी बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणारी टेस्ट सुचवली होती. तिला कसलाही शास्त्रीय आधार नाही आणि धास्तावलेल्या आई-बापांकडून त्यासाठी हजारो रुपये घेतले जातात, याचा मला मनापासून संताप येतो.

चाचणीच्या दिवसाबद्दल दोन गोष्टी आग्रहाने सांगते. मुलाला खरं सांगा. ‘खेळायला जायचंय’ म्हणून आणलेलं मूल पाच मिनिटांत ओळखतं की आपल्याला फसवलंय. या मुलाने मला थेट विचारलं, “टीचर, नापास झालो तर?” मी सांगितलं, यात पास-नापास नाही, काही प्रश्न तुझ्यापेक्षा मोठ्या मुलांचे असतील, ते आले नाहीत तरी चालेल, तुला कसं शिकवलं तर सोपं जाईल ते आम्हाला शोधायचंय. दुसरं, घरी तयारी करून घेऊ नका. इंटरनेटवरून प्रश्न पाठ करून आलेल्या मुलाचा निकाल कामाचा राहत नाही. झोप पूर्ण झालेली, पोट भरलेलं, चष्मा असेल तर तो सोबत, एवढं पुरे. शक्यतो सकाळची वेळ घ्या. शाळा आणि क्लास आटोपून, गर्दीच्या लोकलने दमून आलेलं मूल आपलं खरं बळ दाखवू शकत नाही.

तास-दीड तासाच्या दोन-तीन बैठका लागतात. आई-वडील बाहेर बसतात. बुद्धीच्या चाचणीत शब्दांचे अर्थ, आकडे ऐकून उलट म्हणणं, ठोकळ्यांनी आकृती जुळवणं असं काय काय असतं. आपल्याकडे बिने-कामत आणि मालिन यांच्या चाचण्या कित्येक वर्षं वापरात आहेत. बिने-कामत तर स्वातंत्र्यापूर्वीच मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली गेली. याशिवाय वाचन, लेखन, गणित यांची वेगळी तपासणी होते, आणि सेमी-इंग्रजीच्या मुलाची ती मराठी आणि इंग्रजी दोन्हींत व्हायला हवी. वर्गशिक्षिकांकडूनही एक प्रश्नावली भरून घेतात.

आमच्या सायकॉलॉजिस्टने निरीक्षणांत लिहिलं होतं: ठोकळे दिल्यावर मुलगा खुर्चीत पुढे सरकला, भराभर आकृत्या केल्या, ‘अजून आहे?’ विचारलं. वाचनाचा उतारा समोर ठेवला तेव्हा पाणी मागितलं, मग बाथरूमला गेला, मग बुटाची लेस सोडून पुन्हा बांधली. माझ्या मते अख्ख्या अहवालातला सर्वात मोलाचा भाग हाच.

अहवाल समजावायला बसलो तेव्हा वडिलांनी पानं उलटून आधी बुद्ध्यांक (आयक्यू) शोधला. सगळेच शोधतात. सरासरी शंभर धरलेली असते आणि साधारण दोन-तृतीयांश मुलं ८५ ते ११५ च्या मध्ये येतात. चार-पाच गुणांचा फरक झोपेने, भीतीनेही पडतो, म्हणून आकडा अगदी नेमका न धरता एका पट्ट्यासारखाच वाचायचा. याची बुद्धी सरासरी होती, ठोकळ्यांच्या कामात त्याहून वर, आणि वाचन-लेखन दोन इयत्ता मागे. डोळे, कान, शिकवण्यातला खंड अशी बाकीची कारणं नव्हती. वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता, असं निदान झालं. आईच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं: येतं, पण अक्षरात उतरवताना वाट अडते. आळस नव्हता. ती म्हणाली, “मी त्याला किती मारलंय, मॅडम.” वडिलांनी तिच्या हातावर हात ठेवला.

आता त्या ‘कायमचं लागतं का’ या प्रश्नाबद्दल. अहवाल पालकांच्या हातात दिला जातो. शाळेला काय द्यायचं ते तुम्ही ठरवता. बहुतेक वेळा निदान आणि शिफारशी यांचं एक पानी पत्र पुरतं, घरच्या गोष्टी शाळेत जायची गरज नसते. शिफारशी नसलेला अहवाल मात्र स्वीकारू नका, लिहून मागा. याला आठवड्यातून दोनदा विशेष शिक्षिका, घरी लिखाण कमी आणि वडिलांनी धडे मोठ्याने वाचून दाखवायचे, शाळेत तोंडी परीक्षेची सोय, असं ठरलं.

बोर्डाच्या सवलतींसाठी खाजगी अहवाल पुरत नाही, सरकारी किंवा पालिका रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत सायन, केईएम, नायर इथे अशा मुलांची तपासणी होते. या मुलांना सवलती द्यायला महाराष्ट्राने १९९६ मध्येच सुरुवात केली, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष अशा त्या सवलती आहेत. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी असं ठरलं होतं, म्हणजे मुलाकडे नव्याने पाहिलं जावं. नंबर लागायला वेळ लागतो, तेव्हा दहावी तोंडावर येईपर्यंत थांबू नका.

मुलाच्या वेलांट्या अजून चुकतात. पेपर मात्र कोरा ठेवत नाही. पाचवीला माध्यम बदलावं का, हा आईचा पुढचा प्रश्न आहे. विशेष शिक्षिकेची या सत्रातली निरीक्षणं हातात आली की त्यावर आम्ही तिघं बसून बोलणार आहोत.